तांबडा दाणा

त्या वर्षी पाऊस जाता जाईना. भाताच्या कापण्या उरकल्या, झाडावर पर्सिमनची फळं पिकून लाल झाली, तरी दिवसाआड भुरभुर चालूच. आमच्या धंद्याला याच्यासारखा वैरी नाही. छातीला लागतील एवढाले रांजण चाकावरून उतरवून छपराखाली ओळीनं मांडले होते आणि ते सुकायचं नाव घेईनात. बोट टेकवलं की ठसा उमटायचा. वर थंडी तोंडावर आलेली. ओल्या मडक्यातलं पाणी रात्रीत गोठलं, तर सकाळी ते उभं चिरलेलं दिसतं. आणि हिवाळ्याचा कोबी मुरवायचे दिवस जवळ आले म्हणून खालच्या शहरातल्या बायका रांजणांची वाट बघत बसलेल्या. आमचा मालक मेंग दिवसातून दहा वेळा आभाळाकडे बघून शिव्या द्यायचा, आणि आभाळ ऐकत नाही म्हटल्यावर त्याच शिव्या आम्हाला द्यायचा.

आम्ही म्हणजे शिमांचं घर. सासरे शिम चुन्बो, सासू अगाथा, नवरा मान्सोक, मी लुसिया, आणि माझ्या पाठीवर बांधलेली दीड वर्षाची बुनी. खोऱ्यात मला लुसिया कोणी म्हणत नाही, बुनीची आई म्हणतात. सासऱ्यांना मी बाबा म्हणते आणि सासूला आई. आजेसासऱ्यांना ख्रिस्ताचं नाव घेतलं म्हणून सरकारी शिपायांनी नेलं होतं, ते परत आले नाहीत. तेव्हापासून आमची माणसं या डोंगरातून त्या डोंगरात पळत राहिली आणि मडकी घडवत राहिली. माती कुठंही मिळते, आणि पाठीवर मडकी घेऊन दारोदार फिरणाऱ्याला तू का फिरतोस असं कोणी विचारत नाही. आता धरपकड थांबली होती. तरी पुष्कळ जण अजून दबकूनच राहायचे. बाबांना ते जमत नसे.

मेंगच्या भट्टीवर आलो त्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं. "मालक, आम्ही देवाची माणसं. सातातला एक दिवस आम्ही मातीला हात लावत नाही. बाकीचे सहा तुमचे."

"सातातला एक?" मेंग म्हणाला. "लोक बापाच्या श्राद्धाला वर्षातून एकदा सुट्टी मागतात. तुझा देव दर सातव्या दिवशी मरतो काय?"

"मरत नाही मालक, उठतो," बाबा म्हणाले.

मेंगला ते काही कळलं नाही. पण त्यानं बाबांच्या हातचा रांजण वाजवून बघितला आणि ठेवून घेतलं.

आता हा सातवा दिवस ओळखायचा कसा, ते सांगते. आमच्या खोऱ्यात वार नसतात. बाजार असतो, दर पाचव्या दिवशी, आणि वर चंद्र. पाच सगळे मोजतात, पंधरा सगळे मोजतात, सात कोणी मोजत नाही. दरवर्षी फादरांकडून एक छापील कागद यायचा, त्यावर प्रभुवार, म्हणजे आमचे हे सातवे दिवस, आणि सण मांडलेले असायचे. त्या वर्षी कागद आणणारा म्हातारा वसंतातच वारला आणि कागद आमच्यापर्यंत पोचलाच नाही. मग आई दाण्यांवर मोजायला लागली. झाकणाची दोन चिमुकली मडकी, एकात घेवड्याचे सात दाणे, सहा काळे आणि एक तांबडा. रोज पहाटे चूल पेटवायच्या आधी एक काळा दाणा या मडक्यातून त्या मडक्यात टाकायचा. तांबडा हातात आला की तो प्रभुवार. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. आई हे काम दुसऱ्या कोणाला करू देत नसे, आणि तिचा भरवसाही कोणावर नव्हता. माझ्यावर तर नव्हताच.

शेवटी पाऊस एकदाचा हटला. चार दिवस कडक ऊन पडलं, कोरडा वारा सुटला. चौथ्या दिवशी दिवे लागायच्या सुमाराला मेंगनं छपराखाली फिरून रांजण वाजवले. ठण्ण आवाज आला. त्याचा चेहरा महिन्यात पहिल्यांदा सैल झाला.

"उद्या पहाटे भट्टी भरायला घ्या," तो म्हणाला. "सगळी माणसं हवीत. वारा उत्तरेकडं वळलाय, दोन दिवसात दहिवर पडून सगळं गोठणार."

बाबांचा हात थांबला. दुसऱ्या दिवशी तांबडा दाणा होता.

मी तिथंच झिलईचं राखेचं पाणी ढवळत होते. मला वाटलं, आता तरी म्हातारा गप बसेल. एकच दिवस तर आहे. देवाला काय डोळे नाहीत, त्याला दिसत नाही काय आभाळ? पण बाबांनी हातातली लाकडी थापी पुसून फळीवर ठेवली आणि मेंगसमोर जाऊन उभे राहिले.

"मालक, उद्या माझा सातवा दिवस आहे. परवा पहाटे मी आणि मान्सोक दोघं दोन दोन माणसांचं काम करू. उद्या नाही."

माती तुडवणारा बाक तिकडून हसला. "शिम म्हाताऱ्या, दहिवराला सांगून ये की परवा पड म्हणून. तुझी वरपर्यंत ओळख आहे म्हणतात."

मेंग हसला नाही. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. "तुझ्याशिवाय भट्टीत रांजण लावणारा माणूस माझ्याकडं नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून माझा गळा धरतोस."

"नाही मालक."

"मग काय धरतोस?"

"माझा शब्द. बापानं दिलेला."

मेंगनं फळीवरची थापी उचलली आणि अंगणात भिरकावली. ती चिखलात जाऊन पडली. "परवापासून भट्टी भर, जाळ सांभाळ, माल बाहेर काढून दे. आणि भट्टी निवली की माझं घर खाली कर. हिवाळा तुझ्या देवाच्या घरी काढ."

"बरं मालक," बाबा म्हणाले. एवढंच. मग अंगणात गेले, वाकून थापी उचलली, बाहीनं पुसली आणि पुन्हा फळीवर ठेवली. बाक आणि बाकीचे बघत होते. बाबांची कंबर दुखायची, त्यांना वाकायला वेळ लागायचा. मला रडूही आलं आणि रागही आला. राग मेंगचा किती आणि बाबांचा किती, ते मला आजही सांगता येणार नाही.

घरी आई दाराला नवीन कागद लावायच्या तयारीत बसली होती. आमच्याकडं हिवाळ्याच्या तोंडावर दारांचे जुने फाटके कागद काढून नवे चिकटवतात, म्हणजे वारा आत येत नाही. ज्या घरात हिवाळा काढायचा, त्याच घराला माणूस कागद लावतो. तिनं खळ शिजवून ठेवली होती, बांबूची पट्टी पुसून ठेवली होती. मान्सोकनं झाला प्रकार सांगितला. आईनं कागदाची गुंडाळी परत बांधली आणि माळ्यावर टाकली. खळ वाया जाऊ नये म्हणून तिनं तिच्यात बुनीचं झबलं बुडवून काढलं.

"बाबा," मान्सोक म्हणाला, "या पोरीला घेऊन बर्फात कुठं जायचं?"

"माहीत नाही."

"भीती नाही वाटत?"

"वाटते की," बाबा म्हणाले. "तुला काय वाटलं, मी दगडाचा आहे?" मग म्हणाले, "माझ्या बापालाही वाटली होती. मी बघितलंय. तरी तो चालत गेला. मला तर नुसतं घरी बसायचंय रे."

"जेवा आता," आई म्हणाली. "भीती वाटो नाही तर न वाटो, भात निवतोय."

दुसरा दिवस असा उजाडला की दृष्ट लागावी. ऊन लख्ख, आभाळ धुतल्यासारखं. आम्ही अंघोळी केल्या, धुतलेले पांढरे कपडे घातले, क्रूस मांडला, प्रार्थना म्हटली. आईचा आवाज फाटका, बाबांचा घोगरा, मान्सोकचा पुटपुटल्यासारखा, आणि बुनी मधेच आपलं काहीतरी गात होती. प्रार्थना संपली आणि मला एकदम हलकं वाटलं. घर जायचं होतं, पुढं काय ते माहीत नव्हतं, तरी त्या चार भिंतीत आम्ही कोणाचे मिंधे नव्हतो. हे मी आदल्या दिवशी मान्य केलं नसतं.

पण बाबांचे हाल बघवत नव्हते. भट्टी आमच्या दारासमोरच्या उतारावर, अजगर पडल्यासारखी लांबलचक. मेंग आणि बाक तिच्यात रांजण चढवत होते. बाबा ओसरीवर बसून बघत होते, आणि काय चाललंय ते त्यांना इथून कळत होतं.

"मोठे रांजण तोंडाशी लावतायत," ते पुटपुटले. "जाळ थेट बसेल."

"तुम्ही बघू नका," आई म्हणाली.

"बघत नाही."

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "खाली वाळू नाही टाकली. बुडं चिकटतील."

"हात कुठं आहेत तुमचे?"

बाबांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. आईला हसू आलं. त्यांनाही आलं. तेवढ्यात बाक पाठीवर रांजण घेऊन आमच्या कुंपणाजवळून गेला आणि ओरडला, "काय शिम, देव आला का जेवायला? आम्हाला पण बोलवा की."

"ये ना," बाबा म्हणाले. "बार्ली आहे, मुळ्याची किमची आहे. तोंड धुऊन ये फक्त."

बाक गडबडला. त्याला शिवी अपेक्षित होती, आमंत्रण नव्हतं. तो पुढं गेला, पण त्या दिवशी पुन्हा काही बोलला नाही. दुपारी आम्ही बघितलं, मेंग लावलेल्यातले निम्मे रांजण परत बाहेर काढत होता. त्यालाही चूक कळली होती.

तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बाबा आणि मान्सोक भट्टीत शिरले. रात्री हवा गार होती, पण दहिवर पडलं नव्हतं. मी आणि आई बाहेरून रांजण सरकवत होतो. भट्टीत वाकून नाही तर गुडघ्यांवर चालावं लागतं. बाबा एकेक रांजण मिठीत घेतल्यासारखा धरायचे आणि आत न्यायचे. आधी वाळू, मग मोठा, त्याच्या पोटात मधला, त्याच्यात छोटा, मोठ्यांना जाळापासून लांब. मेंग बाजूला उभा राहून बघत होता. कालची ओळ आणि आजची ओळ यातला फरक त्याच्या डोळ्यांना दिसत होता.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा पायवाटेनं हान येताना दिसला. हान म्हणजे आमच्यातलाच फेरीवाला, बाप्तिस्म्याचं नाव ग्रेगोरी. पाठीवरच्या लाकडी चौकटीत मडकी रचून गावोगाव विकणारा. त्या दिवशी त्याच्या पाठीवर काहीच नव्हतं. मी त्याला पाणी द्यायला विहिरीशी गेले. त्यानं पाणी प्यायलं नाही. तो भट्टीकडे बघत होता. बाबा नुकतेच तिच्या तोंडातून रांगत बाहेर आले होते, केसांपासून पायांपर्यंत मातीनं माखलेले.

"बुनीची आई," तो हळूच म्हणाला, "तुमच्या घरी कोणी आजारी आहे का? काही अडचण आहे का?"

"का बरं?"

"नाही, प्रभुवारी शिममामा भट्टी भरतायत म्हणून विचारलं."

"प्रभुवार काल झाला," मी म्हणाले.

"काल कसा? आज सकाळी खालच्या गावात सगळे मिळून प्रार्थना केली आणि मग निघालो. म्हणून तर ओझं आणलं नाही." त्यानं छातीशी धरलेला घडी केलेला कागद काढला. "हा बघा. यंदाचा कागद. त्या म्हाताऱ्याच्या घरी पडून होता, सुनेनं आत्ता दिला. उशीर झाला खरा."

मला वाचता येत नव्हतं, पण ओळीनं मांडलेली चिन्हं आणि हानचं बोट मला दिसत होतं. आणि त्याच क्षणी मला सगळं आठवलं. इतकं लख्ख आठवलं की पोहरा हातातून विहिरीत सुटला.

पावसाळ्यात माझं आणि आईचं भांडण झालं होतं. मी सोयाबीनचा मसाला उघडा ठेवला, त्यात पागोळीचं पाणी गेलं, आणि आई म्हणाली की तुझ्या माहेरी मसाल्याला झाकण घालायची रीत नसेल. झालं. आठ दिवस आम्ही बोललो नाही. एका चुलीवर स्वयंपाक आणि तोंडातून शब्द नाही. बुनीच्या तोंडून निरोप धाडायचो, आणि बुनीला तर बोलता येत नव्हतं. त्यात आईला ताप भरला. ती उठेना, म्हणून पहाटे मीच एक दाणा टाकला. तिला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे बोलावं लागलं असतं. आणि संध्याकाळी ताप उतरल्यावर ती उठून मडक्यांशी काहीतरी करताना मला दिसली होती. मी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे पुन्हा बोलावं लागलं असतं.

एका दिवसाला दोन दाणे. तेव्हापासून आमचा प्रभुवार खऱ्या प्रभुवाराच्या एक दिवस आधी पडत होता.

छपरामागे आम्ही सगळे जमलो. मी रडत रडत सांगितलं. मला वाटलं, आता आई मला फाडून खाणार. तिनं बाहीनं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "मला त्या दिवशी शंका आली होती. एक दाणा कमी वाटला, तरी मी टाकलाच. पण तुला विचारायचं म्हणजे माझी मान खाली गेली असती. पाप माझं गं. तू लेकरू आहेस."

"नाही आई, माझं."

"माझं म्हणतेय ना. सासू कोण आहे इथं?"

"आता पापावरून भांडू नका," मान्सोक म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "बाबा, आता काय? आपण घर घालवलं, ते भलत्याच दिवसासाठी."

हान इकडंतिकडं बघून म्हणाला, "मामा, मी कोणाला सांगत नाही. इथं सात कोण मोजतं? काम चालू द्या. पुढच्या वेळेपासून नीट मोजा. देव समजून घेईल."

बाबा खाली बसले होते, मातीचे हात गुडघ्यांवर ठेवून. त्यांचे खांदे हलायला लागले. आम्हाला वाटलं रडतायत. आईनं जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ते हसत होते. डोळ्यातून पाणी यायला लागलं, गालावरच्या मातीत दोन रेघा पडल्या.

"काल मी देवाला सांगितलं," ते म्हणाले, "देवा, तुझ्या दिवसासाठी मी घर सोडतो. मनात थोडा फुशारलो पण होतो हां. बापाच्या ओळीत जाऊन बसलो असं वाटलं. आणि तो वर बसून म्हणत असेल, चुन्बो, बाबा रे, माझा दिवस उद्या आहे."

मग आम्ही सगळेच हसायला लागलो. मान्सोकसुद्धा. हान आधी घाबरला आणि मग तोही हसला.

हसू ओसरल्यावर बाबा उठले. "मी मालकाला सांगून येतो."

"काय सांगणार?" मान्सोकनं त्यांची बाही धरली. "काल नाही म्हणालात, आज पुन्हा नाही म्हणणार? तो आत्ताच हाकलून देईल. सगळी भट्टी हसेल."

"हसू दे. हसण्यासारखंच आहे." बाबांनी बाही सोडवली. "काल मी त्याचा दिवस देवाच्या नावावर घेतला. तो देवाचा नव्हता. त्याला वाटतंय की माझ्या देवानं त्याचं नुकसान केलं. ते देवानं नाही केलं, माझ्या घरानं केलं. एवढं तरी त्याला कळायला हवं."

"आणि आजचं?" आई म्हणाली. "काल मालकाचा दिवस देवाला दिला. आज देवाचा मालकाला देणार का?"

"ते मला कळत नाही, अगाथा," बाबा म्हणाले. "तू प्रार्थना कर."

मेंग भट्टीच्या तोंडाशी लाकडं रचून घेत होता. बाक आणि अजून चार जण होते. बाबा त्याच्यासमोर जाऊन वाकले. मी थोड्या अंतरावर बुनीला घेऊन उभी राहिले, हान माझ्या मागं.

"मालक, माझी एक चूक झाली."

"रांजण फुटला?"

"नाही. काल मी बसलो, तो माझा सातवा दिवस नव्हता. आमच्या घरात मोजण्यात चूक झाली. सातवा दिवस आज आहे. हान कागद घेऊन आला तेव्हा कळलं."

मेंगनं हातातलं लाकूड खाली ठेवलं. "पुन्हा सांग."

बाबांनी पुन्हा सांगितलं, दाण्यांसकट. माझं आणि आईचं भांडण मात्र गाळलं, नुसतं म्हणाले की घरात चूक झाली.

आधी बाक हसला. मग तो लाकडांच्या ढिगावर बसून हसला. मग बाकीचे चार. "म्हातारा देवाचा दिवस हरवून बसला," बाक ओरडला. "अरे बाजारात शोधा, कुणाला सापडला का." बाबा मान खाली घालून उभे होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तरी ते हलले नाहीत.

"म्हणजे आता आज पण सुट्टी हवी," मेंग म्हणाला.

"मागायला तोंड नाही मालक. एक दिवस तुमचा मी घेतलाच आहे. तुम्ही म्हणाल ते करीन. बसू दिलंत तर बसेन. नाही दिलंत तर भट्टी भरीन आणि देवाजवळ माफी मागेन, ती मला मागायचीच आहे. फक्त कालचं खोटं तुमच्याजवळ ठेवायचं नव्हतं."

"मी तुला विचारलं होतं का, कालचा दिवस खरा की खोटा?"

"नाही."

"मला कधी कळलं असतं?"

"नाही मालक."

"तुला घर सोडायचंय, हे लक्षात आहे?"

"आहे."

मेंगनं बाबांकडे बघितलं. मग भट्टीकडे, सकाळपासून लावलेल्या ओळींकडे. मग त्याच्या तोंडाची एक बाजू थरथरली. त्यानं ती आवरायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. तो हसायला लागला तसा त्याला खोकलाच लागला, आणि बाकला त्याच्या पाठीत बुक्क्या घालाव्या लागल्या.

"नऊ चाकवाले होऊन गेले माझ्याकडं," तो दम लागत म्हणाला. "एकाची आई वर्षातून चारदा मेली. एकाच्या पोटात बाजाराच्या दिवशीच दुखायचं. सगळे माझ्याशी खोटं बोलले आणि मी धरून धरून थकलो. आणि हा एक येतो, न विचारता, न धरता." त्यानं डोळे पुसले. "बाक, निम्म्याच्या वर भट्टी भरली ना?"

"भरली."

"शिम, बाकीची ओळ कशी लावायची ते तोंडानं सांग. आम्ही लावतो. हात लावायचा नाही. सांगणं चालतं का तुझ्या देवाला?"

बाबांनी हानकडे बघितलं. हाननं खांदे उडवले. "बोलणं चालतं," बाबा म्हणाले.

"मग तोंड धू आणि तिथं सावलीत बस. काल चुकीचा बसलास, आज बरोबर बस. नाही तर तुझे दोन्ही दिवस जातील आणि मला त्याचं पाप."

बाबा बसले. बाक रांजण घेऊन भट्टीत शिरला आणि आतून ओरडला, "म्हाताऱ्या, आता कुठं?" "डावीकडं, दोन बोटं मागं. वाळू टाकलीस का?" "टाकली." "खोटं बोलतोस." आतून वाळू ओतल्याची सरसर, मग आवाज, "आता टाकली."

दुपार कलता कलता मेंग आमच्या दाराशी आला. आई आणि मी आत होतो. तो दाराच्या फाटक्या कागदातून आत डोकावला आणि बोटानं ते भोक आणखी मोठं केलं.

"बुनीची आई," तो रागानं म्हणाला, "थंडी आली आणि दाराची ही काय दशा? पोरगी गारठेल. उद्या भट्टी पेटली की आधी कागद लावून घ्या."

तो गेला. आई तशीच उभी राहिली. मग माळ्यावरून कागदाची गुंडाळी काढायला स्टुलावर चढली आणि तिथंच उभ्या उभ्या रडली. मी तिचे पाय धरून ठेवले, पडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी पहाटे भट्टी पेटली. त्याच रात्री दहिवर पडलं, पण तोवर रांजण जाळात होते. बाबांनी चार दिवस जाळाचा रंग बघून लाकडं टाकायला लावली. भट्टी निवल्यावर माल निघाला. अकरा रांजण तडकले, दोन चिकटले, बाकीचे चांगले वाजत होते. मेंगनं चिकटलेल्या दोन्हींसाठी बाकला शिव्या दिल्या, कारण ते त्यानं लावलेल्या ओळीतले होते. कोबी बाजारात आला तेव्हा आमचे रांजण आधीच तिथं उभे होते.

त्यानंतर मेंगनं एक काम केलं. चाकाच्या छपरातल्या फळीवर त्यानं तळहाताएवढी सात मडकी उपडी मांडली. रोज सकाळी आल्या आल्या एक मडकं उताणं करायचा. "तुमच्या घरावर माझा भरवसा नाही," तो म्हणाला. "पुन्हा चुकलात तर माझे पुन्हा दोन दिवस जातील." सातवं मडकं उताणं करायची पाळी आली की तो अंगणातूनच ओरडायचा, "शिम, आज सातवं. हात धुऊन बस." कधी बाबांनी सवयीनं चाकाला पाय लावलेला असायचा, तर तो पायावर काठी मारायचा. ज्यानं कधी बाप्तिस्मा घेतला नाही, त्या माणसासारखा प्रभुवार पाळणारा आमच्या खोऱ्यात दुसरा कोणी नव्हता.

आई तरी आपले दाणे टाकतच होती. आता रोज पहाटे दाणा टाकला की मला मोठ्यानं सांगायची, "टाकला गं." आणि मी मोठ्यानं म्हणायचे, "ऐकलं." आमचं दुसऱ्या कशावरून भांडण झालं असलं तरी हे दोन शब्द चुकवायचे नाहीत, असं ठरलं होतं. भांडणं व्हायचीच, पण ती त्या दोन शब्दांपाशी येऊन ढिली पडायची.

नव्या वर्षाचा कागद हान वेळेवर घेऊन आला. आईनं त्याच्याकडून तो वाचून घेतला, मग चाकाच्या छपरात जाऊन मेंगची मडकी बघितली. दिवसाला दिवस जुळला. तेव्हा तिनं आपल्या मडक्यातले सातही दाणे काढले, रात्रभर भिजत घातले आणि प्रभुवारच्या भातात टाकले. बाबांनी मेंगला जेवायला बोलावलं होतं. तो आला, मांडी घालून बसला, आणि वाडग्यातला भात भराभर खायला लागला. मधेच थांबला, तोंडातून एक दाणा काढून हातावर घेतला. तांबडा होता.

"बुनीची आई," तो म्हणाला, "एक दाणा कच्चाच राहिलाय बघ."

"जुना आहे मालक," आई म्हणाली. "चावून खा."

त्यानं खाल्ला. मी आणि आई एकमेकींकडे बघून हसायला लागलो, ते थांबेचना. मेंग विचारत राहिला काय झालं म्हणून, आणि बाबांनी त्याच्या वाडग्यात अजून भात वाढला.